चौथ्या ट्रॅकला झोप लागते म्हणून

"ताई, गेल्या महिन्यात डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसले होते, तिथे बारीक आवाजात पियानो चालू होता. त्यात एक तुकडा असा लागला की माझं नाव दोनदा पुकारलं तरी मला कळलं नाही. खाली सारखं तेच तेच वाजतंय, हळूहळू घसरत चाललंय, आणि वरचा सूर जवळजवळ हलतच नाहीये. मग एकदम थांबलं, वाटलं संपलं, तर अजून थोडंसं वाजलं आणि मग खरंच संपलं. नाव काही कळलं नाही. घरी येऊन 'बेस्ट क्लासिकल पियानो' अशी शंभर ट्रॅकची प्लेलिस्ट लावली आणि चौथ्या ट्रॅकला झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच. सगळं सारखंच वाटतं. नावं तर पासवर्डसारखी. एक मैत्रीण म्हणते आधी थिअरी शीक, नाहीतर डोक्यावरून जाईल. दुसरी म्हणते बीथोवनच्या सोनाटांपासून सुरू कर, ते मस्ट आहे. मला हे खरंच ऐकायचंय, पण मला कानच नाहीये का? वय ३६, आता कीबोर्ड घेऊन क्लास लावू का? अगंतुगं केलंत तरी चालेल. – चौथ्या ट्रॅकला झोपणारी"

अगं, कान नाही हे तुला सांगितलं कुणी? तुझंच पत्र परत वाच एकदा. तुकड्याचं नाव माहीत नाही, कुणाचा ते माहीत नाही, आतून ड्रिलचा आवाज येतोय, आपला नंबर कधी लागतो याची धाकधूक वेगळीच, आणि अशात एकदाच ऐकून तू मला लिहितेस की खालचा हात तेच तेच वाजवत घसरत होता, वरचा सूर हलत नव्हता आणि शेवटाआधी एक खोटा शेवट होता. वर्षानुवर्षं पियानो ऐकणारी माणसंसुद्धा एवढं सांगत नाहीत गं, ती "काय सुंदर होतं" म्हणून मोकळी होतात. तुझ्या वर्णनावरून मी तो तुकडा ओळखला, अगदी शंभर नाही पण नव्वद टक्के तरी. शोपँ नावाच्या संगीतकाराचा ई मायनरमधला प्रिल्यूड, म्हणजे पियानोचा छोटा तुकडा, ओपस २८, नंबर ४. आत्ता सर्च कर आणि लाव, दोन-सव्वादोन मिनिटांचा आहे, मी थांबते.

झाला ऐकून? तोच असेल असं धरून पुढे लिहिते.

आधी तुझ्या झोपेचा निकाल लावू. त्या बेस्ट नाहीतर रिलॅक्सिंग नावाच्या प्लेलिस्ट असतात ना, त्या मुळात काम करताना, अभ्यास करताना, झोपताना मागे काहीतरी चालू असावं म्हणून बनवलेल्या असतात. त्यात काय असतं, तर सातीची पहिली जिम्नोपेदी, देबुसीचं क्लेर द ल्यून, शोपँचा तो एक ठरलेला नॉक्टर्न, बीथोवनच्या मूनलाइट सोनाटाचा फक्त पहिला भाग, म्हणजे जिथून तिथून संथ आणि हळू आवाजातलं तेवढं उचलायचं आणि एकामागोमाग लावून द्यायचं. एकेकटं घेतलंस तर यातलं प्रत्येक अप्रतिम आहे, पण ओळीने दहा लावले तर मीसुद्धा आडवी होते. तुला सगळं सारखं वाटलं कारण ते सारखं वाटावं म्हणूनच निवडलेलं आहे, तेव्हा ती प्लेलिस्ट डिलीट कर आणि त्याबद्दल स्वतःला काही बोलू नकोस.

आता त्या प्रिल्यूडकडे परत ये. माझा सगळा सल्ला त्या दोन मिनिटांत मावतो, बाकी जे लिहीन ते त्याचंच लांबण. तो एकच तुकडा आठवडाभर ऐक, रोज दोनदा-तीनदा, दुसरं काही लावायचं नाही. इतका ऐक की पुढे काय येणार ते ते यायच्या आधी तुला कळायला लागेल. आपल्याला जी गाणी पाठ आहेत ती आपण पाठ केलेली नसतात, ती पन्नास वेळा कानावरून गेलेली असतात आणि म्हणून त्यातली एखादी जागा येणार म्हटलं की आधीच अंगावर काटा येतो. क्लासिकलच्या बाबतीत मात्र लोक एकदा ऐकतात, काही लागलं नाही की पुढचं लावतात, आणि मग म्हणतात आपल्याला कळत नाही. दुसऱ्यांदा भेटलंच नाहीस तर ओळख कशी होणार.

रोज एकेक गोष्ट धरून ऐक. पहिल्या दिवशी फक्त खालचा हात. तीन-तीन सुरांच्या कॉर्ड आहेत, म्हणजे तिन्ही सूर एकदम दाबायचे, एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका घरात, आठदा, धप धप धप. पण नीट ऐकलंस तर त्या तेच तेच नाहीयेत, त्यातला एक सूर अर्ध्या पायरीने खाली सरकतो, मग दुसरा, मग परत पहिला, तिन्ही एकदम सहसा उतरत नाहीत. जिना उतरताना म्हाताऱ्या माणसाने एक पाय टेकवून मग दुसरा टेकवावा तसं. दुसऱ्या दिवशी फक्त वरचा हात. सुरुवातीला खालच्या सुरावरून वरच्या त्याच सुरावर एक उडी आहे, आणि मग ई ला सा धरलास तर तो हात नुसता पंचम, कोमल धैवत, पंचम, कोमल धैवत एवढंच करत बसतो. अख्खी चाल म्हणजे जवळजवळ उसासाच. गंमत अशी की तो सूर तोच राहतो पण खालच्या कॉर्ड बदलत जातात म्हणून त्याच सुराचा अर्थ दर वेळी बदलतो, मघाशी नुसता उदास वाटलेला पंचम पुढच्या बारमध्ये टोचायला लागतो. तू जे लिहिलंस ना, वरचा सूर हलतच नाही, ते हेच.

मग मध्यावर खालचा हात जरा थांबतो, वरचा एकटाच वळसा घेतो आणि सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. इथे बहुतेक लोकांचं लक्ष उडतं, झालं की ऐकून म्हणून, आणि नेमकं या दुसऱ्या फेरीतच सगळं घडतं, वेग वाढतो, आवाज चढतो, दोनेक बार अक्षरशः आरडाओरडा होतो आणि मग सगळं ओसरत ओसरत एका लटकत्या कॉर्डवर येऊन थांबतं. शांतता. तुझा खोटा शेवट तो हा. शोपँने तिथे विरामावर खूण करून ठेवलीय की वाटेल तेवढं थांबा. आणि मग अगदी हळू आवाजात, खाली, तीन कॉर्ड. बस. अख्खी रचना २५ बारांची आहे, एका पानावर मावते. १८४९ मध्ये शोपँ गेला तेव्हा पॅरिसच्या माद्लेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला हा प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवला होता, पण हे मी तुला आत्ता सांगतेय, ऐकायच्या आधी सांगितलं असतं तर तू उगाच रडायची तयारी करून बसली असतीस.

एक आठवडा संपला की मग या प्रिल्यूडच्या शेजाऱ्यांकडे जा. ओपस २८ म्हणजे असे २४ प्रिल्यूड आहेत, १२ मेजर आणि १२ मायनर अशा प्रत्येक स्केलचा एकेक, आणि सगळे मिळून पाऊण तासाच्या आत संपतात. १८३८-३९ च्या हिवाळ्यात शोपँ माजोर्का बेटावर जॉर्ज सँड या लेखिकेबरोबर राहत होता, तब्येत बिघडलेली, बाहेर पाऊस, पॅरिसहून मागवलेला पियानो कस्टममध्ये अडकलेला, अशात त्याने हा संच पुरा केला. यातला ७ नंबर फक्त १६ बारांचा आहे, मिनिटभर पण नाही, घोटभर पाणी प्यायला उठलीस तर चुकेल. २० नंबर १३ बारांचा आणि नुसत्या जाडजूड कॉर्ड. १५ नंबर सगळ्यात लांब, पाचेक मिनिटांचा, त्याला रेनड्रॉप म्हणतात कारण एकच सूर थेंबासारखा शेवटपर्यंत टपटपत राहतो, हे नाव शोपँचं नाही. छोट्या तुकड्यांचा हा फायदा आहे बघ, आवडला नाही तर दीड मिनिटात सुटका.

आता जरा वाद्याबद्दल, कारण हे एकदा कानात बसलं की निम्मं काम होतं. पियानोचा सूर वाजला की लगेच मरायला लागतो. गळ्याने सूर लावला तर तो धरून ठेवता येतो, वाढवता येतो, व्हायोलिनवर पण येतो, पियानोवर नाही येत. पट्टी दाबली की आत नमद्याचा हातोडा तारेवर आपटून ताबडतोब मागे पडतो, त्यानंतर बोटाने कितीही जोर लावला तरी त्या सुराचं काही होत नाही. मींड तर विसरच. मग एवढ्या मर्यादा असलेल्या वाद्यातून गाणं कसं काढायचं, यावर लोकांनी तीनशे वर्षं डोकं चालवलंय, आणि तू जे ऐकतेस त्यातलं बरंचसं त्या डोकेबाजीचं फळ आहे. तेच कॉर्ड परत परत वाजवणं, कॉर्ड फोडून एकेक सूर झरझर सोडणं, उजव्या पायाखालचा पेडल दाबून सगळ्या तारा मोकळ्या सोडणं म्हणजे आधीचे सूर मागे घुमत राहतात, हे सगळं त्या मरणाऱ्या सुराला जिवंत ठेवायचे उपाय. तुझ्या प्रिल्यूडमध्ये वरचा सूर लांब धरलेला असतो आणि खरं तर विझत असतो, खालची धपधप त्याला सावरून धरते. एकदा फक्त यासाठी ऐक.

पियानो हे नाव पण मजेशीर आहे. १७०० च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य बनवलं, तोवर हार्पसिकॉर्ड होता ज्यात तार छेडली जाते, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने हातोडे बसवले आणि बोटाच्या वजनावर आवाज कमीजास्त व्हायला लागला, म्हणून त्याला हळू आणि जोरात अशा अर्थाचं इटालियन नाव पडलं, पियानो ए फोर्ते, आणि वापरून वापरून त्यातलं हळू तेवढं राहिलं. म्हणजे आवाजाचा चढउतार हाच या वाद्याचा जन्मच आहे. म्हणून फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस. खालचे सूर त्यातून येतच नाहीत आणि हळू जागा तर पंख्याच्या आवाजात बुडतात. साधे वायरचे हेडफोन पण चालतील. आणि ॲपमध्ये सगळ्या ट्रॅकचा आवाज एकसारखा करणारं एक सेटिंग असतं ते बंद कर, शफल पण बंद कर.

शफलवरून माझी फजिती सांगते. मला सुरुवातीला कितीतरी वर्षं वाटायचं की मूनलाइट सोनाटा म्हणजे तेवढाच, तो संथ तीन-तीन सुरांचा, झुलणारा भाग, कारण प्लेलिस्टमध्ये तेवढाच असायचा आणि नंतर दुसरंच काहीतरी लागायचं. मग एका कार्यक्रमाला गेले, पियानोवाल्याने तो वाजवला, शेवटचा सूर विझला आणि मी कडाडून टाळ्या वाजवल्या. एकटीने. अख्ख्या हॉलमध्ये. वाजवणारा बिचारा हात तसेच पट्ट्यांवर ठेवून थांबलेला, कारण अजून दोन भाग बाकी होते. भाग संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, सगळी रचना संपल्यावर वाजवायच्या असा आताचा रिवाज आहे, पण तुला म्हणून सांगते, मोत्झार्टच्या काळी असलं काही नव्हतं, १७७८ मध्ये पॅरिसहून त्याने वडिलांना पत्र लिहिलंय त्यात सिम्फनी चालू असतानाच मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून स्वारी खूश आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

तर मूनलाइट तीन भागांचा आहे, पंधरा मिनिटांचा, आणि पहिला भाग हा तिसऱ्याची तयारी आहे. दुसरा दोनेक मिनिटांचा, हलकाफुलका, आणि तो संपतो न संपतो तोच तिसरा असा उसळून वर येतो की ज्यांनी फक्त पहिला ऐकलाय त्यांना तो त्याच रचनेतला आहे यावर विश्वास बसत नाही. जरा लक्ष देऊन ऐकलंस तर कळेल की पहिल्या भागात जे सूर फोडून हळूच सोडलेले होते तसेच फोडलेले सूर तिसऱ्यात खालून वर सुसाट धावतायत आणि वर पोचून दोनदा दार ठोठावल्यासारखे आपटतायत. चांदण्याचा बीथोवनशी काही संबंध नाही हेही जाता जाता. त्याने १८०१ मध्ये हे लिहून वर फॅन्टसीसारखा सोनाटा एवढंच लिहिलं होतं, चांदणं रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला दिसलं.

दुसऱ्या मैत्रिणीचा मुद्दा इथेच निकालात काढते. बीथोवन मस्ट आहे हे खरं, पण त्याचे ३२ सोनाटा आहेत, आणि सुरुवातच तिथून म्हणजे पोहायला शिकायला थेट खोल पाण्यात. मूनलाइट पूर्ण ऐक, पाथेतिक सोनाटाचा मधला भाग ऐक, आणि बाकीचे राहू देत कपाटात, ते कुठे जात नाहीत. मी स्वतः एकदा सगळे ३२ क्रमाने ऐकायचा संकल्प सोडला होता. सातव्याला गाडी बंद पडली.

थिअरीवाल्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. ऐकायला थिअरी लागत नाही. मेजर-मायनर कळायला पण पुस्तक लागत नाही, आणि मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी असं जे शिकवतात ते तर शूबर्ट ऐकलास की आपोआप मोडीत निघतं, त्याच्या मेजरइतकं काळीज पिळणारं दुसरं काही नाही. एकच गोष्ट उपयोगी आहे, ती म्हणजे परत येणं ओळखणं. पियानोच्या बहुतेक रचनांमध्ये सुरुवातीला जे ऐकवलं ते कुठेतरी फिरून परत येतं, तसंच नाहीतर वेश बदलून. सोनाटाचा पहिला भाग म्हणजे साधारण दोन चाली, त्या ऐकवायच्या, मग त्यांची मोडतोड करत भलत्या गल्लीबोळांतून हिंडवायचं, आणि मग घरी आणायचं. "आली का घरी?" एवढाच प्रश्न मनात धरून ऐक. मोत्झार्टचा के ५४५ हा सी मेजरमधला सोनाटा त्याने स्वतःच नवशिक्यांसाठी म्हणून लिहून ठेवलाय, त्याचा पहिला भाग तीन-चार मिनिटांचा आहे, त्यावर हा खेळ खेळून बघ.

आणि ते पासवर्ड. ओपस म्हणजे छापलेल्या कामाचा नंबर, एका ओपसमध्ये अनेक तुकडे असतील तर पुढे अजून एक नंबर. एवढंच. मोत्झार्टने नीट नंबर टाकले नव्हते म्हणून क्योखेल नावाच्या, खरं तर झाडपाला आणि खनिजं यांचा अभ्यास करणाऱ्या गृहस्थाने १८६२ मध्ये यादी केली, म्हणून के. शूबर्टची यादी डॉइचने केली म्हणून डी. बाखला बीडब्ल्यूव्ही, तेही त्याच्या कामांच्या यादीचं जर्मन लघुरूपच. पाठ करू नकोस, सर्च करताना टाकायला उपयोगी पडतात, नाहीतर ई मायनर प्रिल्यूड म्हटल्यावर वीस निघतात.

दुसऱ्या महिन्यात मग एक मस्त खेळ आहे, तोच तुकडा दोन वेगळ्या लोकांचा ऐकायचा. बंदिश तीच, गाणारा वेगळा, तसंच हे. कागदावर सूर सगळे लिहिलेले असतात, एकही बदलायचा नाही, तरी माणूस बदलला की सगळंच बदलतं. तुझा प्रिल्यूड मार्था आर्गेरिचचा ऐक आणि मग मॉरित्सिओ पोलिनीचा, आणि फक्त दोन जागा पडताळून बघ, तो मधला उद्रेक आणि शेवटच्या तीन कॉर्डच्या आधीची शांतता, कोण किती थांबतं. आणि याचा कळस बघायचा असेल तर बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, ग्लेन गूल्ड नावाच्या कॅनेडियन माणसाची. त्याने हे १९५५ मध्ये विशीत असताना रेकॉर्ड केलं, ३८ मिनिटांत, आणि परत १९८१ मध्ये, तेव्हा ५१ मिनिटं लागली. पहिलीच चाल, तीस व्हेरिएशन्स जिच्यावर उभी आहेत ती, तरुणपणी दोन मिनिटांच्या आत उरकलीय आणि दुसऱ्यांदा तिला तीन मिनिटं दिलीत. माणूस तोच, पियानो बदलला असेल, पण २६ वर्षं मध्ये गेलीयत ते स्पष्ट ऐकू येतं. ते रेकॉर्डिंग बाजारात आलं त्याच सुमाराला, १९८२ मध्ये, पन्नाशीत तो गेला. मागे कुणीतरी गुणगुणतंय असं वाटलं तर हेडफोन बिघडलेले नाहीत, तो वाजवताना गायचा, कुणालाच थांबवता आलं नाही. आधी दोन्हीकडची फक्त ती सुरुवातीची चाल ऐक, सगळं आत्ताच नको.

पुढे काय काय हे विचारशीलच म्हणून चार नावं देते, घाई करू नकोस. बाखचा सी मेजर प्रिल्यूड, वेल टेम्पर्ड क्लेव्हियरच्या पहिल्या भागातला अगदी पहिला, १७२२ चा, ३५ बार, ज्यात चाल अशी नाहीच, नुसत्या फोडलेल्या कॉर्ड, प्रत्येक दोनदा, आणि तरी शेवटाकडे खालचा एकच सूर आठ बार धरून ठेवतो तेव्हा श्वास अडकतो. शूमानची किंडरझेनेन, लहानपणाच्या आठवणींचे १३ छोटे तुकडे, १८३८, सगळे मिळून वीसेक मिनिटं, त्यातला सातवा ट्रॉयमेराय म्हणजे स्वप्नरंजन, एकच चढण परत परत चढतो आणि दर वेळी वर पोचल्यावर दृश्य वेगळं. याचा होरोविट्झ नावाच्या पियानोवादकाचा मॉस्कोचा व्हिडिओ शोध, १९८६ चा. १९२५ मध्ये देश सोडून गेलेला माणूस ६१ वर्षांनी परत आला, म्हातारा झालेला, आणि शेवटी एन्कोर म्हणून, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाने, हे साधंसं, मुलांनीसुद्धा वाजवावं असं काहीतरी वाजवलं, श्रोत्यांमधल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी दिसतं त्यात. मग शूबर्टचा इम्प्रॉम्प्टू, डी ८९९ मधला तिसरा, सहाएक मिनिटं, वरती लांबच लांब चाल आणि मधल्या बोटांत सतत पाण्याची झुळझुळ, एकाच हाताने हे दोन्ही करायचं असतं. ऑर्केस्ट्राबरोबरचं ऐकायचं असेल तर मोत्झार्टच्या के ४८८ कॉन्चेर्टोचा मधला भाग, पियानो एकटाच सुरू करतो आणि ऑर्केस्ट्रा जणू घसा खाकरून मग आत येतो, मित्सुको उचिदाचा ऐक. लिस्ट नावाचा संगीतकार आणि त्याची बोटांची सर्कस नंतर, ती आवडेलच, पण आधी लागली तर बाकीचं अळणी वाटायला लागतं. रखमानिनॉवचा दुसरा कॉन्चेर्टो मात्र कधीही लावलास तरी चालेल, सुरुवातीच्या त्या घंटेसारख्या कॉर्डच तुला धरून बसवतील.

आणि यातलं एखादं आवडलं नाही तर नाही आवडलं. मला ब्राम्स दहा वर्षं ढिम्म कळला नाही, मग एका संध्याकाळी ओपस ११८ मधला दुसरा तुकडा लागला आणि मी हातातलं काम टाकून उभी राहिले. आता कुणी त्याला जड म्हटलं की मीच भांडते.

क्लासचं विचारलंस. वाजवायची हौस असेल तर खुशाल लाव, ३६ काही वय नाही, पण ऐकता यावं म्हणून लावू नकोस, सहा महिने स्केल घोटशील आणि ज्याच्यासाठी सुरू केलं ते राहून जाईल. त्यापेक्षा कुणाकडे खरा पियानो असेल, इलेक्ट्रिक नको, तर एकदा जाऊन अगदी डावीकडची एखादी पट्टी दाब आणि दाबून धर, सूर पूर्ण विझेपर्यंत सोडू नकोस. किती वेळ लागतो बघ. मग अगदी उजवीकडची दाब, टुक् करून संपेल. ८८ पट्ट्यांमध्ये हा एवढा फरक आहे, आणि तो एकदा बोटाखाली कळला की हेडफोनमध्ये पण कळायला लागतो.

राहिलं ते दहा टक्क्यांचं. प्रिल्यूड लावलास आणि शेवटच्या तीन कॉर्ड आल्याच नाहीत, म्हणजे तो तुझा तुकडा नव्हेच, तर जेवढं आठवतं तेवढं गुणगुणून रेकॉर्ड कर आणि पाठव, बेसूर चालेल, मी शोधून देते. आणि तोच असेल तर मला आता वेगळीच उत्सुकता लागलीय की तिथे वाजवत कोण होतं, कारण नाव पुकारलेलं ऐकू येऊ नये इतकं थांबवणारं कुणीतरी होतं ते. रूट कॅनाल असेल तर अजून एक-दोन सिटिंग बाकी असतीलच. रिसेप्शनवर विचारून घे आणि लिही.